ओलं गोणपाट

मगदूम सरांना न बोलण्याचा पगार मिळत होता, आणि हे काम त्यांच्याइतकं मनापासून दुसरं कुणी करत नव्हतं.

रोज सकाळी दहा वाजता सांगलीच्या ध्वनी-केंद्रातल्या गार खोलीत जायचं, आरामखुर्चीत टेकायचं, उजव्या कानामागे बोटभर रुंदीची मऊ पट्टी चिकटवायची आणि जे वाजेल ते ऐकायचं. वाजवणाऱ्याचं नाव कळत नसे. मान डोलवायची नाही, 'वा' म्हणायचं नाही, शेजारच्या खुर्चीकडे बघायचंसुद्धा नाही. त्याआधी तीस वर्षं मिरजेच्या हायस्कुलात संगीत शिकवताना सरांची जीभ इतकी तिखट होती, की पोरं त्यांच्या तासाला पेटीपेक्षा त्यांना जास्त भीत. निवृत्तीनंतर तीच जीभ त्यांनी जणू कुलपात ठेवली. लोकांना वाटे, म्हातारपणी माणूस निवळला. खरं कारण सरांना आणि त्यांच्या बायकोला, त्रिशलाबाईंना, ठाऊक होतं.

कुलूप लावायची सोय केली ती 'मर्मज्ञ' नावाच्या यंत्रानं. केंद्राची प्रमुख डॉ. नाझनीन शिकलगार ही सरांची जुनी विद्यार्थिनी, मिरजेच्या सतारी बनवणाऱ्या घरातली. नव्या माणसाला ती हे शास्त्र फार सोप्या शब्दांत सांगे. आपण गाणं ऐकतो तेव्हा मेंदू नुसता ऐकत नसतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी तो पुढच्या स्वराची जागा आधीच धरून ठेवतो. धरलेल्या जागी तोच स्वर आला, की मेंदूत बारीकशी लहर उठते. भलताच आला, तर मोठी उठते. सगळंच अपेक्षेप्रमाणे झालं तर माणूस कंटाळतो, काहीच झालं नाही तर वैतागतो, आणि या दोहोंच्या मधे कुठंतरी अंगावर काटा येतो. कानामागची पट्टी या लहरी टिपे, सोबत नाडी, श्वास आणि कातडीचा ओलावाही मोजे. मर्मज्ञ हे सगळं एकत्र करून रचनेच्या सेकंदासेकंदाचा आलेख काढे आणि शंभरपैकी गुण देई.

यंत्र आलं आणि वादक खूश झाले. समीक्षकांची अढी गेली, गुरूंची लहर गेली, वशिला गेला. चारपाच वर्षांत मात्र एक गंमत झाली. कुणी कुणाला 'कसं वाटलं?' असं विचारीनासं झालं. नवरा बायकोला, शिष्य गुरूला, सगळे एवढंच विचारत, की मर्मज्ञानं किती दिले. ज्यांना मत देता येत होतं त्यांची सवय गेली, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांची सुटका झाली. मगदूम सर दुसऱ्या वर्गातले होते आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं.

केंद्राचा नियम एकच कडक होता. ऐकताना वाजवणाऱ्याचा हात ओळखू आला, तर ताबडतोब हात वर करायचा, पट्टी काढायची आणि बाहेर जायचं. सहा वर्षांत सरांनी दोनदा हात वर केला होता. बाविसाव्या क्रमांकाच्या रचनेला केला नाही.

मिरजेत नवं चित्रसंग्रहालय उघडत होतं. तिथल्या सर्वांत मोठ्या चित्रासमोर कायम वाजेल अशी वाद्यरचना त्यांना हवी होती, आणि पाच श्रोत्यांपुढे सगळ्या प्रवेशिका वाजवल्या जात होत्या. बाविसावी रचना सतार, बासरी आणि पखवाज यांची होती. मारव्याचे स्वर होते, ऐन संध्याकाळचे. तिसऱ्या मिनिटाला सतार रिषभावरून षड्जाकडे निघाली, उंबऱ्याशी आल्यासारखी थबकली, आणि सरळ आत न येता खालच्या निषादाला वळसा घालून मागच्या दारानं आली. हा वळसा जगात एकच माणूस घेत होता. ती त्यांची मुलगी चंदना होती.

हात वर करायला हवा होता, पण तो खुर्चीच्या दांड्यावरच राहिला. त्यांना पुढचं ऐकायचं होतं. मुलीनं त्यांच्यासमोर वाजवल्याला पंधरा वर्षं झाली होती. उरलेली आठ मिनिटं सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कानामागची पट्टी इमानेइतबारे ते सगळं टिपत होती.

पंधरा वर्षांपूर्वी चंदना एकोणीस वर्षांची होती. घरी कोल्हापूरचे पाहुणे आले होते आणि तिनं आपली पहिली रचना सर्वांसमोर वाजवली. संपल्यावर सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "हे सगळं कुठं ना कुठं ऐकलेलं आहे," आणि चहा टाकायला आत गेले. चंदनानं सतारीला खोळ घातली ती चार वर्षं काढली नाही. नंतर ती नोकरीसाठी इंदूरला गेली, तिथं दुसऱ्या गुरूंकडे पुन्हा वाजवू लागली. बापलेकीत भांडण असं कधीच झालं नाही. फोनवर पाणी आलं का, गुडघा कसा आहे, एवढं बोलून झालं की दोघंही त्रिशलाबाईंचं नाव काढून फोन त्यांच्याकडे देत. न भांडता पंधरा वर्षं गेली, म्हणून तर ते अवघड होऊन बसलं होतं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. रचनेला अठ्ठ्याहत्तर गुण मिळाले होते, तिची निवड झाली होती, बसवाबसवीसाठी ती रविवारी येणार होती. श्रोत्यांची नावं गुप्त असतात, त्यामुळे त्या खुर्चीत कोण होतं हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. त्रिशलाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. सरांनी एक पेढा खाल्ला आणि त्यांना तो गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ते ओळख काढून संग्रहालयात गेले. रंगारी अजून दारांना हात मारत होते. चित्र दाजी कुरणे या जुन्या चित्रकाराचं होतं, नाव 'पानबाजार'. भिंतभर पसरलेला पिवळसर उजेड, दगडी चौक, आणि विड्याच्या पानांच्या करंड्या पुढ्यात घेऊन बसलेल्या सात बायका. करंड्या भरलेल्या, बायका गप्प, गिऱ्हाईक एकही नाही. छापलेल्या प्रतीत हे चित्र सरांनी दहा वेळा बघितलं होतं आणि सगळ्यांसारखंच त्यांनाही ते संध्याकाळचं वाटे. दिवस बुडाला, माल तसाच राहिला. चंदनाची सतार नेमकं तेच सांगत होती. शेवटी तर ती थकून खाली बसून जाते.

पण समोर उभं राहून बघताना त्यांची नजर करंड्यांवर गेली. करंड्यांच्या तोंडावर गोणपाट होतं, वरून सुतळीची गाठ मारलेली. आणि ते गोणपाट काळपट होतं, नुसतं तपकिरी नव्हतं. पुढच्या करंडीखाली दगडावर ओलाव्याचं गोल वर्तुळ पसरलेलं होतं.

सरांना त्यांची आई आठवली. मिरजेजवळच्या गावात त्यांचा पानमळा होता. आई पहाटे करंडीत केळीची पानं अंथरी, त्यावर विड्याची पानं रचे, वर पाण्यात बुचकळलेलं गोणपाट घाली आणि गाठ मारी. वारा लागला की पान मान टाकतं. म्हणून सौदा सुरू होईपर्यंत त्या गाठीला कुणी हात लावायचा नाही. सौदा झाला की गाठ सुटे, आणि दुपारपर्यंत ते गोणपाट कुठंतरी कोपऱ्यात वाळून खडखडीत होई.

या सातही गाठी बांधलेल्या होत्या. गोणपाटातून अजून पाणी ठिबकत होतं. म्हणजे ही सकाळ होती, आणि तीही सौद्याच्या आधीची. त्या बायका हरून बसलेल्या नव्हत्या. त्या तयार होऊन बसल्या होत्या.

सर संग्रहालयाच्या पायरीवर येऊन बसले. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यापाशी सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते ज्या एका माणसाला सांगायचं, तिला सांगायची त्यांची छाती होत नव्हती.

तिथून ते थेट नाझनीनकडे गेले आणि हात वर न केल्याची कबुली दिली. ती रागावली नाही. सरांचा एकट्याचा आलेख अठ्ठ्याण्णवचा आला होता, तेव्हाच तिला शंका आली होती. केंद्रात इतका कुणाचाच कधी आला नव्हता. तिनं तो पडद्यावर दाखवला. तिसऱ्या मिनिटापासून रेघ जी वर गेली ती खाली आलीच नव्हती. सुरानं आलेलं पाणी आणि बापाच्या डोळ्यांतलं पाणी पट्टीला सारखंच दिसतं, लहर कुणासाठी उठली ते लहरीवर लिहिलेलं नसतं, असं ती म्हणाली. आणि यंत्रानं रचना ऐकली होती, चित्र बघितलं नव्हतं. मग तिनं सरांचा आलेख वगळून हिशेब केला. उरलेल्या चौघांचे त्र्याहत्तर आले. पात्रतेची रेघ सत्तरची होती.

"रचना पास आहे, सर," नाझनीन म्हणाली. "मी नोंद दुरुस्त करते, संग्रहालयालाही कळवते. पण निवड काही बदलत नाही. तुम्ही तिला काहीच सांगितलं नाही, तरी कुणाचं नुकसान नाही."

सरांना हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर ते आणखी अस्वस्थ झाले. त्यांनी तिला ओल्या गोणपाटाचं सांगितलं. आपल्याला बोलता येत नाही, आपण बोललो की माणूस तुटतो, हेही सांगितलं. नाझनीननं मग आपल्या आजोबांची गोष्ट काढली. आजोबा जवारी काढत, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून सतारीचा आवाज मोकळा करत. घासलेलं परत भरता येत नाही, म्हणून कानशीचे दोनच हात मारायचे, तार चढवायची आणि ऐकायचं. वादक सतार घेऊन आला, की आजोबा तिला चांगलं म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत.

"ते फक्त विचारायचे, कुठं अडकतंय? आणि वादकानं बोट ठेवल्याशिवाय कानस हातात घ्यायचे नाहीत."

रविवारी चंदना आली. सोमवारी सकाळी संग्रहालयात ध्वनिक्षेपकांची चाचणी होती. सर चंदनाला म्हणाले, मीही येतो. ती एवढी चकित झाली, की हो म्हणून बसली.

चित्रासमोर दोघं उभे राहिले आणि अकरा मिनिटांची रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. या वेळी सरांनी चित्रावरून नजर हलवली नाही. संपल्यावर चंदना वायरी गुंडाळू लागली. कसं वाटलं, असं तिनं विचारलं नाही. विचारायची पद्धतच उरली नव्हती, आणि या माणसाला तर ती मेली तरी विचारणार नव्हती.

सर म्हणाले, "चंदना, त्या पाच जणांत एक मी होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हात वर न केल्याचं, अठ्ठ्याण्णवचं, त्र्याहत्तरचं. ऐकताना चंदनाचा चेहरा घट्ट होत गेला. वायरीचं भेंडोळं तिनं खुर्चीवर ठेवलं.

"पास आहे म्हणताय, मग आता कशाला सांगालाय, आप्पा?"

"मला रडू आलं ते तुझा हात ऐकून. रचनेचं त्यात किती होतं, ते मला त्या खुर्चीत कळलंच नाही. म्हणून आज परत ऐकली." सर थांबले. पुढचं वाक्य त्यांनी चार दिवस घोकलं होतं. आधी चांगलं सांगायचं, आणि मोघम नाही, बोट ठेवून सांगायचं. "तुझा पखवाज पहिल्यांदा येतो तो एकाच थापेनं येतो. डोक्यावरची करंडी खाली ठेवल्याचा आवाज आहे तो. तसा मी लहानपणी ऐकलाय. तुला कुणी सांगितला?"

"कुणी नाही. चित्र बघून वाटला."

"बरोबर वाटला." मग सरांनी विचारलं, "तुला कुठं अडकतंय?"

चंदनानं खुर्चीवरचं भेंडोळं उचललं आणि परत ठेवलं. बाहेर रंगाऱ्यांचं शिडी सरकवणं चाललं होतं. सरांना वाटलं, संपलं, पुन्हा पंधरा वर्षं गेली.

"शेवटची दोन मिनिटं," ती हळूच म्हणाली. "अकरा वेळा बदलली. मर्मज्ञ म्हणतंय तिथं लहर छान आहे. ज्याला त्याला दाखवली, तो विचारतोय गुण किती. माझी सतार शेवटी थकून बसते, आप्पा, पण या बायका मला थकलेल्या दिसत नाहीत. का ते कळंना मला."

सरांनी पुढच्या करंडीकडे बोट केलं. गोणपाट, गाठ आणि दगडावरचं ओलं वर्तुळ दाखवलं. आजीची गाठ कधी सुटायची तेवढं सांगितलं आणि ते थांबले. चंदनाच्या लहानपणी पानं थंड गाडीतून, खोक्यांत भरून जाऊ लागली होती. ओलं गोणपाट तिनं जन्मात बघितलं नव्हतं. शिवाय सगळं काम तिनं इंदूरला पडद्यावर चित्र ठेवून केलं होतं, आणि पडद्यावर ओला रंग नुसता गडद दिसतो.

ती वळली आणि खोलीबाहेर गेली.

सर एकटेच सात बायकांसमोर उभे राहिले. मागच्या वेळी ते उठून गेले होते, या वेळी ती गेली. घासलेलं परत भरता येत नाही हे त्यांना आठवलं. चार मिनिटं गेली असतील. मग दार वाजलं. चंदना आत आली ती नाकावर चष्मा, काखेत स्वरलिपीची वही आणि तोंडात पेन्सिल घेऊन. गाडीतल्या पिशवीत होतं म्हणाली. चित्राच्या अगदी जवळ जाऊन, मोबाईलच्या उजेडात तिनं ते वर्तुळ बघितलं, आणि तिला हसू फुटलं. मोठ्यानं, खांदे हलवत ती हसली.

"सकाळ आहे ही. मी सहा महिने या बायकांना रडवालेय आणि यांचा अजून बाजारच सुरू नाही."

सरांनी खुर्चीवर बसून घेतलं, वायरीच्या भेंडोळ्यावर.

उपाय त्यांच्या जिभेवर होता. मारवा आणि सोहनी, दोघांचे स्वर तेच. मारवा दिवस बुडताना गातात आणि तो खाली रेंगाळतो. सोहनी रात्र सरताना गातात आणि ती वरच्या षड्जाकडे धाव घेते. एकही स्वर न बदलता नुसती वस्ती बदलली, तर संध्याकाळची पहाट होते. सरांनी दातांखाली जीभ धरली. चंदना वहीत काहीतरी खोडत होती, मधेच बोटं हवेत तारेवरून फिरत होती. पाच मिनिटांनी ती स्वतःशीच पुटपुटली, "स्वर हेच राहू देत, वर नेते." तेव्हा सरांनी जीभ सोडली. उभ्या आयुष्यात एवढं समाधान त्यांना बोलून कधी मिळालं नव्हतं.

घरी आल्याबरोबर तिनं आईला ओल्या गोणपाटाचं सांगितलं आणि सतारीची खोळ काढली. सरांनी चहाचं आधण ठेवलं आणि ते बाहेर येऊन तिच्यासमोर बसले. त्रिशलाबाई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. तारा जुळवता जुळवता चंदनानं मान वर न करता विचारलं, "आणि त्या दिवशीचं? ते खरंच सगळं ऐकलेलं होतं?"

"होतं," सर म्हणाले. "खरंच होतं. पण मी अर्धं बोलून उठलो. चुकलं माझं."

"अर्धं कुठलं राहिलं?"

सरांनी डोळे मिटून गुणगुणलं. रिषभावरून निघून षड्जाच्या उंबऱ्याशी थबकणं, आणि निषादाला वळसा घालून मागच्या दारानं आत येणं. आवाज म्हातारा होता, पण जागा नेमकी होती.

"एवढं तुझं होतं. ते मी कुठंच ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी चहा टाकताना मी आत हेच गुणगुणत होतो, बाहेर येऊन सांगितलं नाही. परवा खुर्चीत तुला ओळखलं ते यावरूनच."

चंदनानं डोळे पुसले आणि तीच जागा वाजवली, या वेळी वरच्या सप्तकात. तिथून ती पुढे निघाली. बासरीची जागा ती तोंडानंच गुणगुणत होती, चढ सुरू झाला तसं तेही थांबलं. शेवटची दोन मिनिटं आता खाली बसत नव्हती, एकेक पायरी चढत होती, आणि अगदी टोकाला, षड्ज येणार अशी जागा मनानं धरून ठेवल्यावर, ती थांबली. गाठ सुटायच्या आधीच थांबली.

हे परत मर्मज्ञाकडे पाठवायचं का, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, संग्रहालयानं हवं तर पाठवावं, मला तुम्हा दोघांचं ऐकायचं आहे. सर तोंड उघडणार, एवढ्यात त्रिशलाबाई शेंगांचं ताट बाजूला सारून म्हणाल्या, "मी सांगू? मला त्यातलं कळत नाही म्हणा."

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं एका गवयाच्या आणि एका सतारवालीच्या घरात राहून या बाईंनी संगीतावर एक अक्षर काढलेलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"सौद्याच्या आधी बायका एवढ्या गप्प नसतात गं. हळू आवाजात बोलणं चालूच असतंय त्यांचं. माझी आईपण पानाच्या करंडीमागं बसायची, ती तर नुसती बोलायची. तुझी बासरी तिथं एकदम गप का बसती?"

चंदनानं वही मांडीवर ओढली, पेन्सिल हातात घेतली आणि आईकडे सरकून बसली.

"आई, परत वाजवते. नेमकं कुठं अडकतंय तिथं मला थांबव."

आत आधण उतू जाऊन गॅस विझल्याचा वास आला. सरांनी बसल्या जागेवरून हात लांबवून, आत जाणाऱ्या गॅसच्या नळीचा भिंतीवरचा खटका बंद केला. त्या दिवशी चहाचं निमित्त काढून ते उठले होते. आज चहा वाहून गेला, तरी ते उठले नाहीत.